नरिमन पॉइंटवरील एक खरेदीखत

मंत्रालयापासून मादाम कामा रस्त्याने पश्चिमेकडे चालत निघाले, म्हणजे थोड्याच वेळात तो रस्ता मरीन ड्राइव्हला येऊन मिळतो, आणि जिथे तो मिळतो त्या मोक्याच्या जागी, समुद्राकडे तोंड करून, २३ मजल्यांची एक उत्तुंग इमारत गेली पन्नास वर्षे उभी आहे. मुंबईकर तिला आजही एअर इंडियाची इमारत म्हणूनच ओळखतात. परंतु जिच्या नावाने ती ओळखली जाते त्या कंपनीचा तिच्या मालकीशी आता कसलाही संबंध उरलेला नाही, आणि ज्या महाराष्ट्र सरकारने ती विकत घेतली त्याच्या नावाने तिला हाक मारण्याची सवय लोकांच्या जिभेला अद्याप लागलेली नाही. मुंबईत याहून जुन्या आणि याहून सुंदर वास्तू पुष्कळ आहेत. तथापि मालक, कूळ, भाडेपट्टा, थकबाकी आणि खरेदी या सर्व अवस्थांतून एकाच आयुष्यात गेलेली अशी वास्तू विरळा, आणि म्हणून तिचा वृत्तान्त सांगायचा तर एखाद्या फेरफाराच्या नोंदवहीप्रमाणे जमिनीपासूनच आरंभ करणे प्राप्त आहे.

जमीन येथे मुळात नव्हतीच. पहिल्या महायुद्धानंतर, सर जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर असताना, चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंतचा बॅकबेचा उपसागर भरून काढून त्यातून अकराशे एकरांहून अधिक भूमी निर्माण करावी आणि ती विकून सरकारी खजिन्यात भर घालावी, अशी एक प्रचंड योजना हाती घेण्यात आली होती. सागराने या हिशेबाला संमती दिली नाही. समुद्रभिंतीच्या फटींतून आत टाकलेला चिखल पुन्हा बाहेर वाहून जाई, खर्चाचे आकडे अंदाजपत्रक ओलांडून धावत, आणि विकास खाते मात्र सर्व काही आलबेल असल्याचा निर्वाळा देत असे. त्या खात्याच्या कारभारावर जाहीर तोफ डागणारे गृहस्थ म्हणजे खुर्शेद फ्रामजी नरिमन. त्यांच्यावर हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, आणि त्या गाजलेल्या खटल्यात नरिमन निर्दोष सुटले. योजना आटोपती घ्यावी लागली, योजलेल्या भूमीपैकी निम्मीसुद्धा हाती आली नाही, आणि मधला पट्टा समुद्राकडेच राहिला. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९६० नंतरच्या दशकात, त्याच सागराचा आणखी एक भाग भरून काढून जी भूमी तयार झाली तिला नाव देण्यात आले ते ‘नरिमन पॉइंट’! ज्याने भराव टाकण्याच्या कारभाराचे वाभाडे काढले त्याचेच नाव भरावाला मिळावे, हा काव्यगत न्याय म्हणावा की नामकरण समितीचा भाबडेपणा, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.

या नव्या भूमीचा स्वामी अर्थात राज्य शासन. तिचे भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्यात आले, आणि अल्पावधीतच तेथे एक्सप्रेस टॉवर्स, ओबेरॉय हॉटेल अशा गगनस्पर्शी इमारती उठू लागल्या. त्यांतलाच एक भूखंड एअर इंडियाला मिळाला. पट्टा म्हणजे मालकी नव्हे, हे ज्याने खेड्यात एक गुंठा जमीन कसली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. कूळ कितीही वर्षे नांगर धरो, सातबाऱ्यावरचे नाव निराळे असू शकते. परंतु संगमरवरी जिन्यांच्या आणि वातानुकूलित दालनांच्या जगात या भेदाचे विस्मरण सहज होते, आणि तो नेमका विक्रीच्या वेळीच आठवतो. ही गोष्ट मनाशी ठेवून पुढे जाऊ.

इमारत १९७४ मध्ये पूर्ण झाली. तिचे स्थपती न्यूयॉर्कचे जॉन बर्गी. फिलिप जॉन्सन यांच्याबरोबर त्यांची भागीदारी होती, आणि त्याच जॉन्सन यांनी नरिमन पॉइंटच्या दक्षिण टोकावर राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राच्या टाटा थिएटरचा आराखडा केला, जे १९८० साली खुले झाले. एकाच किनाऱ्यावर एकाच भागीदारीतील दोन वास्तू, एक लेखणी-हिशेबाची आणि दुसरी सतार-तबल्याची, उभ्या राहाव्यात यात योगायोगापेक्षा टाटा कुटुंबाच्या अभिरुचीचा वाटा मोठा असावा असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कारण कंपनी जरी १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर सरकारी झाली होती, तरी तिच्या अध्यक्षपदी जे. आर. डी. टाटाच होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन लहानसे पस मॉथ विमान स्वतः जुहूच्या मैदानावर उतरवणाऱ्या या पुरुषाने चार दशकांनंतर आपल्या संस्थेसाठी समुद्रकाठी मनोरा उभा राहिलेला पाहिला, आणि पुढे अवघ्या चार वर्षांत, १९७८ च्या आरंभी, मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. इमारतीच्या इतिहासातला हा पहिला मोठा मालकी-बदल म्हणायला हरकत नाही. कागदावर काही पालटले नाही. घरातला कर्ता गेला.

त्या मनोऱ्यात काय काय होते, याचे वर्णन केल्याशिवाय पुढे जाववत नाही. तळमजल्यावर तिकिटांची पेढी होती, माथ्यावर धनुष्य ताणलेल्या अश्वमानवाचे चिन्ह होते, आणि मधल्या मजल्यांवर भारतातील बहुधा सर्वांत अनपेक्षित असा कलासंग्रह होता. विमान कंपनीने चित्रे का घ्यावीत, असा प्रश्न आजच्या लेखापरीक्षकाला पडेल; त्या काळी तो पडला नाही. परदेशी पेढ्यांच्या भिंती सजवाव्यात म्हणून १९५० च्या दशकात सुरू झालेली ही खरेदी वाढत वाढत हजारो कलाकृतींपर्यंत पोचली. नागपूरजवळच्या बेला गावात जन्मलेल्या बी. प्रभा यांची चित्रे कंपनीने आरंभीच घेतली. वासुदेव गायतोंडे, हुसेन आणि त्यांचे समकालीन त्यांच्या मागोमाग आले, तेही अशा काळात की जेव्हा यांपैकी कोणाच्याही चित्राला आजच्या किमतीचा शतांशही मिळत नव्हता. साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराकडून १९६७ मध्ये कंपनीने रक्षापात्रांचे संकल्पचित्र करवून घेतले, आणि त्याने मोबदला म्हणून हत्तीचे पिल्लू मागितले. ते पिल्लू विमानाने जिनिव्हापर्यंत आणि तेथून स्पेनला त्याच्या गावी रीतसर पोचवण्यात आले. ज्या कंपनीच्या व्यवहारात हत्ती पावतीवर येतो, तिच्याकडे पुढे काही हजार कोटींचे कर्ज साचले तर नवल कसले, असे कोणी म्हणेल. परंतु कर्जाला हत्ती कारण नव्हता. चित्रे विकत घेणारी पिढी आणि कर्जे काढणारी पिढी या दोन वेगळ्या पिढ्या होत्या.

१२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी दुपारी मुंबईत जी स्फोटांची मालिका झाली, तीत या इमारतीच्या आवारातही स्फोटकांनी भरलेली मोटार फुटली. येथे २० माणसे मृत्युमुखी पडली, वरच्या बाजूस असलेल्या बँक ऑफ ओमानच्या कचेरीचा विध्वंस झाला, आणि शहरभरच्या मृतांची संख्या २५७ वर गेली. इमारत मात्र उभी राहिली. त्या दिवसाच्या नोंदींत सहज डोळ्यांआड होणारा एक तपशील असा की कंपनीच्या मुख्यालयात तेव्हाच परकीय बँकेचे बिऱ्हाड होते. अर्थात धन्याने आपल्या वाड्याचा काही भाग भाड्याने देण्यास आधीच प्रारंभ केलेला होता.

२००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे एकत्रीकरण झाले आणि दोन आजारी माणसांना एका खाटेवर निजवल्याने दोघेही बरे होतील ही अपेक्षा फोल ठरली. २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलवण्यात आले. नरिमन पॉइंटवरचे मजले रिकामे करून भाड्याने लावायचे आणि त्या उत्पन्नातून तोट्याला काही टेकू द्यायचा, असा बेत होता. कंपनी अशा रीतीने आपल्याच घरात घरभाडे जमा करणारी झाली. सरकारी बँका, खाजगी कंपन्या, कर वसूल करणाऱ्या खात्यांच्या कचेऱ्या असे नाना प्रकारचे भाडेकरू आले आणि गेले. ज्या उद्वाहनातून पूर्वी वैमानिक आणि हवाई सुंदरी वर जात, त्यातून आता करदाते आपापल्या नोटिसा घेऊन जाऊ लागले.

येथून पुढचा भाग कागदपत्रांचा आहे, आणि तो रूक्ष वाटला तरी वाचकाने कंटाळू नये, कारण या इमारतीची खरी कथा त्यातच आहे. केंद्र सरकारने एअर इंडिया विकण्याचे ठरवले तेव्हा तिची देणी आणि जमीनजुमला यांचा एक भाग वेगळा काढून एका स्वतंत्र सरकारी कंपनीच्या नावे करण्यात आला. ८ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटांची १८,००० कोटींची बोली मान्य झाल्याचे जाहीर झाले, आणि २७ जानेवारी २०२२ रोजी विमाने, मार्ग, नाव व महाराजाचे बोधचिन्ह टाटांकडे परत गेले. नरिमन पॉइंटची इमारत गेली नाही. ६१,५६२ कोटींच्या कर्जापैकी ४६,२६२ कोटी ज्या कंपनीच्या माथी आले, तिच्याच पदरात ही इमारतही पडली. चित्रांचा संग्रह यथावकाश राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्यात आला. जे. आर. डीं.नी उभारलेले सारे असे तीन दिशांना गेले: विमाने टाटांकडे, चित्रे संग्रहालयाकडे आणि भिंती कर्जदाराकडे. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटणीतसुद्धा याहून निर्दय तुकडे क्वचितच पडतात.

इमारतीसाठी गिऱ्हाइके त्याआधीपासूनच चौकशी करीत होती. जवाहरलाल नेहरू बंदर न्यास आणि आयुर्विमा महामंडळ यांनी आपापल्या बोली लावल्या होत्या. राज्य सरकारने १,४०० कोटी देऊ केले होते. सौदा त्या वेळी तडीस गेला नाही. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १,६०१ कोटी रुपयांना इमारत घेण्याचा ठराव केला, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने हस्तांतरणास संमती दिली. या किमतीच्या जोडीला राज्याने एक रक्कम सोडून दिली, ती २९८ कोटी ४२ लाखांची. ही रक्कम होती अनर्जित उत्पन्नाची आणि तीवरील व्याजाची.

अनर्जित उत्पन्न हा शब्द महसूल खात्याच्या बाहेर फारसा ऐकू येत नाही. शासनाने पट्ट्याने दिलेल्या भूमीचे मोल काळाच्या ओघात वाढते. ती वाढ पट्टेदाराच्या श्रमाने होत नाही, रस्त्यांनी, शेजाऱ्यांनी आणि शहराच्या भरभराटीने होते. म्हणून पट्टेदाराने ती जागा दुसऱ्यास दिली, विकली वा तिच्या वापरात शर्तीबाहेरचा पालट केला, तर त्या आपोआप वाढलेल्या मोलातला काही हिस्सा मूळ धन्यास, म्हणजे शासनास, द्यावा लागतो. नजराण्याच्या जुन्या रिवाजाचे हे आधुनिक रूप आहे. कंपनीने मजले भाड्याने दिले, त्यावर शासनाचा तगादा लागला, व्याज चढले, आणि थकबाकीचा डोंगर झाला. आता गंमत अशी की इमारत विकत घेणारा आणि थकबाकी वसूल करणारा एकच. भूमी आधीपासूनच ज्याची, त्याने तिच्यावरच्या भिंती घेताना स्वतःचे येणे माफ केले आणि वर १,६०१ कोटी मोजले. मिळाले काय, तर ४६,४७० चौरस मीटर, म्हणजे सुमारे पाच लक्ष चौरस फूट जागा; हिशेब चौरस फुटाला ३२,००० रुपयांच्या आसपास पडतो. समुद्रकाठच्या त्या परिसरात हा भाव चढा म्हणता येणार नाही. परंतु भूमीचे मोल वजा केले, आणि सोडलेली थकबाकी जमेस धरली, तर एका सरकारने दुसऱ्या सरकारच्या कर्जाला हातभार लावला, असेही कोणी म्हणू शकेल, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे.

तरीही प्रस्तुत लेखकाचे मत या खरेदीच्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांच्या इतिहासात आहे. या राज्याला दुसऱ्याच्या घरात संसार थाटण्याची सवय फार जुनी. अपोलो बंदराजवळ खलाशांच्या निवाऱ्यासाठी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्याने १८७६ मध्ये पूर्ण झालेला रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम सरकारने १९२८ मध्ये घेतला आणि तेथे विधिमंडळ भरू लागले. १९८१ मध्ये नवे विधानभवन झाल्यावर तेच घर पोलीस महासंचालकांच्या कार्यालयाला मिळाले. खलाशी, आमदार, पोलीस: एकाच छताखाली तीन पिढ्या. जुन्या यॉट क्लबात अणुशक्ती खात्याचे दफ्तर आले. विल्किन्स यांनी बांधलेले १८७४ चे जुने सचिवालय न्यायालयाकडे गेले, आणि १९५५ मध्ये उभे राहिलेले नवे सचिवालय पुढे शंकरराव चव्हाणांच्या कारकिर्दीत ‘मंत्रालय’ झाले. राज्य १९६० मध्ये वाढले, खाती वाढली, इमारत तेवढीच राहिली. त्यात २१ जून २०१२ च्या आगीने मंत्रालयाचे वरचे मजले भस्मसात केले, असंख्य नस्त्या जळाल्या, आणि आधीच विखुरलेली खाती आणखी विखुरली. कोणी गोकुळदास तेजपाल रुग्णालयाच्या आवारात, कोणी भाड्याच्या मजल्यावर. भाडे दरसाल जात राहिले. पाच लक्ष चौरस फूट जागा मंत्रालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर आयती मिळत असताना ती सोडून भाडे भरत राहणे हा शहाणपणा नव्हता.

ही खरेदी मुंबईच्या वर्तमानपत्रांत जागेच्या भावाची बातमी म्हणून छापून आली. तिच्याकडे विसरवाडीतून पाहिले तर चित्र निराळे दिसते, आणि हा लेख लिहिण्याचे निमित्तही तेच आहे. नवापूर तालुक्यातले हे गाव धुळे-सुरत महामार्गावर, कोंडाईबारीचा घाट उतरून गुजरातच्या दिशेने निघाले की लागते. येथल्या माणसाला कचेरी हलण्याचा अनुभव नवा नाही. त्याच्या आजोबांच्या वेळी जिल्हा पश्चिम खानदेश होता, वडिलांच्या वेळी धुळे झाला, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. साहेब बदलले, जिल्ह्याचे ठिकाण बदलले, अर्जाचा मायना तेवढा कायम राहिला. मुंबईस जायचे तर तो नवापूरला गाडी धरतो, त्या सुप्रसिद्ध स्थानकावर, जिथे अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. आणि सुरतेमार्गे, म्हणजे परराज्यातून, स्वतःच्या राजधानीत दाखल होतो.

कशासाठी जातो? कारणे पुष्कळ असतात. आश्रमशाळेचे अनुदान अडकलेले असते, शिक्षकाची बदली असते, जात पडताळणीचे प्रकरण वर गेलेले असते. पण एक कारण असे आहे की ते या इमारतीच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. मुंबईत समुद्र मागे हटवून नरिमन पॉइंटची जमीन काढली जात होती, त्याच काळात तापीवर उकाईचे धरण बांधले जात होते. ते १९७२ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाखाली गुजरातेतील गावांबरोबर नवापूर भागातील गावांच्याही जमिनी गेल्या. इकडे पाण्यातून जमीन निघाली, तिला पट्टा मिळाला, पट्ट्यावर मनोरा चढला, मनोऱ्याला १,६०१ कोटी मिळाले. तिकडे जमीन पाण्यात गेली, आणि तिच्या बदल्यात मिळालेल्या वा न मिळालेल्या जमिनीचे कागद घेऊन तिसरी पिढी टेबलावरून टेबलावर फिरते आहे. अनर्जित उत्पन्नाचे सूत्र महसूल खात्याला इतके सूक्ष्म कळते, तर अनर्जित हानीचेही एखादे सूत्र त्याला कळायला हवे होते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

अशा माणसाच्या दृष्टीने इमारत कोणाच्या मालकीची, हा प्रश्न दुय्यम आहे. आपले खाते कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर, आणि दुपारचा प्रवेश-पास मिळाल्यावर उरलेल्या वेळात तिथे पोचता येईल की नाही, हा प्रश्न पहिला. मंत्रालय हे जर लग्नघर मानले, तर आजवर त्यातली पाहुणेमंडळी आळीभर शेजाऱ्यांकडे उतरवलेली होती, आणि मामा कोणाकडे व आत्याबाई कोणाकडे हे विचारण्यातच वऱ्हाड्याचा दिवस सरत होता. ती मंडळी एका वाड्यात आली तर त्याचे निम्मे श्रम वाचतील. आदिवासी विकास, महसूल, मदत व पुनर्वसन ही तीन खाती तरी परस्परांच्या हाकेच्या अंतरावर असावीत, कारण नवापूरकडच्या बहुतेक प्रकरणांचा प्रवास या तिन्हींमधूनच होतो, आणि एका खात्याचे पत्र दुसऱ्यास मिळण्यास जो विलंब लागतो तो पुष्कळदा केवळ रस्ता ओलांडण्याचा असतो.

जागा वाटून देताना अधिकाऱ्यांची ओढ समुद्राकडच्या दालनांवर असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तेवीस मजल्यांची उतरंड मंत्री, सचिव, उपसचिव अशी वरून खाली लावली जाईल, आणि त्यालाही हरकत नाही. वारा कोणालाही प्रिय असतो. तळमजल्याचा वाटा मात्र आधी ठरवावा. पूर्वी जिथे लंडन-न्यूयॉर्कची तिकिटे मिळत, तिथे सर्व खात्यांची एकत्र आवक बारनिशी असावी. विसरवाडीहून आलेल्या माणसाला तिथेच मराठीत पोच मिळावी, तिच्यावर नोंद क्रमांक, दिनांक आणि टेबल सांभाळणाऱ्याचे नाव असावे, आणि रात्रीच्या गाडीला अवकाश असेल तर बसायला बाकही असावे.